आधी हात पाहावेत

वाचक माउली, आज एका कोळ्याची गोष्ट सांगायची आहे. हा कोळी आपल्या भीमाकाठचा नव्हे. तो क्यूबा बेटावरचा, आणि त्याची गोष्ट इंग्रजीत लिहिलेली आहे. एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. ही गोष्ट मी कितीतरी वर्गांना शिकवली. पण नीट शिकवली नाही, हे मला निवृत्तीनंतर वारीच्या वाटेवर कळले. ते तुमच्यापुढे मांडतो. वाचताना तुम्हाला शाळा-कॉलेजातला इंग्रजीचा तास आठवेल, आणि कदाचित एखादे ऐकलेले निरूपणही आठवेल.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ही छोटी कादंबरी. नाव 'द ओल्ड मॅन अँड द सी'. १९५२ साली 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या एकाच अंकात ती सबंध छापून आली आणि त्या अंकाच्या ५० लाखांहून अधिक प्रती दोन दिवसांत खपल्या. दोन वर्षांनी हेमिंग्वे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गोष्ट अगदी साधी आहे. सांतियागो नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याला ८४ दिवस एकही मासा मिळालेला नाही. त्याच्याबरोबर जाणाऱ्या पोराला आईबापांनी दुसऱ्या होडीवर पाठवले आहे. ८५व्या दिवशी म्हातारा एकटाच खोल समुद्रात जातो. त्याच्या गळाला होडीहून लांब असा मासा लागतो. दोन रात्री तो मासा होडीला ओढत नेतो आणि म्हातारा दोर धरून बसतो. दोराने हात कापतात, डाव्या हाताला पेटके येतात, पाठ सोलवटते. तिसऱ्या दिवशी मासा मारला जातो. पण परतीच्या वाटेवर शार्क मासे त्याचे लचके तोडतात. किनाऱ्याला येतो तो नुसता सांगाडा. म्हातारा डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो, वाटेत बसत बसत झोपडीत पोहोचतो आणि झोपी जातो. सकाळी ते पोर येते.

ही गोष्ट मी कशी शिकवत असे? फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे लिहायचे : समुद्र, मासा, शार्क, पोर, डोलकाठी. उजवीकडे लिहायचे : जीवन, ध्येय, काळ, आशा, क्रूस. पोरे उतरवून घेत. परीक्षेत प्रतीकांवर १० गुणांचा प्रश्न ठरलेला असे, आणि उजवी बाजू पाठ असली की गुण मिळत. गाइडांतही तेच असे. मला माझ्या शिकवण्याचा अभिमान होता. गोष्टीच्या आत शिरून मी तिचे गुपित बाहेर काढतो, असे मला वाटे.

एका वर्षी वर्गात उजनी धरणाच्या पाणलोटाकडचा एक मुलगा होता. घरचा धंदा मासेमारीचा. तो कधी बोलत नसे. त्या दिवशी मात्र तो आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, ''सर, ओला दोर हातातनं सरकला की आधी कळत न्हाई. रगत दिसल्यावर कळतं. म्हाताऱ्यानं दोर पाठीवरनं घेतला आन् खाली गोणपाट घातलं, ते बरोबर केलं त्यानं.''

मी म्हणालो, ''ते असू दे. दोर कशाचं प्रतीक आहे ते सांग.''

तो खाली बसला. पुढे वर्षभर तो माझ्या तासाला परत बोलला नाही. माउली, त्या वर्गात साठ मुले होती आणि त्या साठांत एकट्यानेच ती गोष्ट खरोखर वाचली होती. त्याला मी बसवले.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही, हे सांगतो; पदरातले पाप झाकण्यासाठी नव्हे, तर हा रोग कसा पसरतो ते दिसावे म्हणून. अमेरिकेत हा रोग माझ्या कितीतरी आधी आला होता. सॉल बेलो हे तिथले मोठे कादंबरीकार. त्यांनाही पुढे नोबेल मिळाले. त्यांनी १९५९ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये यावर एक खट्याळ लेख लिहिला. त्यात एक विद्यार्थी प्राध्यापकांना विचारतो की, ग्रीक महाकाव्यात अकिलीस हेक्टरचे प्रेत रथाला बांधून ट्रॉय नगरीभोवती का फरपटत नेतो? आणि स्वतःच उत्तर देतो की, त्या काव्यात ढाली, रथाची चाके अशी वर्तुळेच वर्तुळे आहेत, ग्रीकांना भूमितीचे वेड होते, तेव्हा हेही एक वर्तुळच. प्राध्यापक त्याचे कौतुक करतात आणि म्हणतात की, मला आपले वाटत होते, अकिलीसला फार राग आला होता म्हणून त्याने तसे केले.

हसू येते खरे. पण पाहा, त्या विद्यार्थ्याच्या हातून काय सुटले. अकिलीसचा जिवलग मित्र हेक्टरने मारला आहे. दुःखाने तो वेडापिसा झाला आहे. मेलेल्या माणसाची विटंबना करूनही त्याचे दुःख शमत नाही. हे सगळे त्या काव्यात उघड्यावर आहे. विद्यार्थी ते ओलांडून वर्तुळे मोजायला गेला, कारण उघड्यावर असलेले सांगितले तर हुशारी दिसत नाही.

फ्लॅनरी ओकॉनर ही जॉर्जिया राज्यातली कथालेखिका. शेतावर आईबरोबर राहायची, मोर पाळायची, दुर्धर आजाराने ३९व्या वर्षी गेली. एकदा एका शिक्षकाने तिला विचारले की, तुमच्या कथेतल्या दरोडेखोराच्या टोपीचा अर्थ काय? ती म्हणाली, टोपी डोके झाकायला असते. १९६१ साली एका इंग्रजीच्या प्राध्यापकाने तिला पत्र पाठवले. तीन अध्यापक आणि नव्वद विद्यार्थी यांनी मिळून त्याच कथेचा अर्थ लावला होता, तो असा की कथेचा उत्तरार्ध घडलेलाच नाही, ते एका पात्राचे स्वप्न आहे. तिने उत्तर दिले की, तुमचा अर्थ वाचून मला धक्का बसला. आणि पुढे बजावले की, उघड दिसत नाही तोच अर्थ खरा, असे धरून शिक्षक कथेकडे संशोधनाचे कोडे म्हणून पाहू लागले, तर मुलांना कथा वाचण्याचा आनंद कधीच मिळणार नाही.

ही रीत आली कुठून? तिचा उगम वाईट नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पूर्वी इंग्रजी साहित्य शिकवताना कवीचे चरित्र आणि त्याचा काळ यांवरच तास संपत. कविता राहूनच जाई. १९३८ साली क्लिअँथ ब्रूक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी 'अंडरस्टँडिंग पोएट्री' हे पाठ्यपुस्तक काढले. त्यांचे म्हणणे असे की, कविता समोर ठेवा आणि शब्द न् शब्द वाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांनी अमेरिकन कॉलेजे भरून गेली. मोठे ग्रंथालय हाताशी नसताना, नुसते पुस्तक उघडून शिकवता येईल अशी ही पद्धत होती, म्हणून ती झपाट्याने रुजली. शब्द न् शब्द वाचा, हा उपदेश सोन्यासारखा होता. पण वर्गावर्गातून फिरता फिरता त्याचा अर्थ 'शब्दामागे दडलेले शोधा' असा झाला, आणि शेवटी 'शब्द सोडा, दडलेले तेवढे सांगा' इथवर तो आला. समुद्र ओलांडून तो माझ्या फळ्यावर पोहोचला तेव्हा त्यात रेघेची उजवी बाजूच उरली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, कशालाच अर्थ नसतो? लेखकाने लिहिले तेवढेच खरे?

तसेही नाही. १९६३ साली ब्रूस मॅकॅलिस्टर नावाच्या सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलाला हाच प्रश्न पडला. वर्गातल्या प्रतीक-शोधाला तो कंटाळला होता. त्याने १५० लेखकांना प्रश्न लिहून पाठवले की, तुम्ही प्रतीके मुद्दाम घालता का? निम्म्या जणांनी उत्तरे दिली. कुणी साफ नाही म्हणाले. पण कित्येकांच्या सांगण्याचा आशय असा होता की मुद्दाम घालत नाही, ती लिहिता लिहिता आपसूक उगवतात. 'मोबी डिक' ही देवमाशाची प्रचंड कादंबरी लिहिणारे हर्मन मेल्व्हिल यांचीही अशीच हकीकत आहे. त्यांच्या लेखकमित्राच्या, म्हणजे नॅथॅनिअल हॉथॉर्न यांच्या पत्नी सोफिया यांनी त्यातल्या एका प्रसंगात खोल अर्थ पाहिला आणि तसे कळवले. १८५२च्या जानेवारीत मेल्व्हिल यांनी उत्तर पाठवले की, तो अर्थ मी योजला नव्हता, पण तुम्हाला तो दिसला याचा आनंद आहे. सबंध पुस्तकाचा रूपक म्हणून अर्थ लावता येईल, अशी पुसट जाणीव मात्र लिहिताना होती. म्हणजे लेखकाला न दिसलेले वाचकाला दिसू शकते, आणि लेखक ते मान्यही करतो.

खुद्द हेमिंग्वे यांनी कादंबरी निघाली त्याच वर्षी बर्नार्ड बेरेन्सन या कलासमीक्षकांना पत्रात कळवले होते की, या गोष्टीत प्रतीक वगैरे काही नाही. जे जे आहे ते ते तेच आहे. पण म्हाताऱ्याचे कापलेले तळवे, खांद्यावरची डोलकाठी, तो चढ, हात पसरून तळवे वर करून झोपणे, हे वाचताना ख्रिस्ताची आठवण होऊ नये असे ठरवूनही ती होतेच. तेव्हा माझ्या फळ्यावरचा 'क्रूस' हा शब्द खोटा नव्हता. मग माझे चुकले कुठे?

याचे उत्तर मला ओकॉनरबाईंकडेच मिळाले. त्यांच्या एका कथेत लाकडी पायाची एक शिकलेली तरुणी आहे. तत्त्वज्ञानात तिने डॉक्टरेट मिळवली आहे आणि कशावरच तिचा विश्वास नाही. बायबल विकणारा एक भोळसट दिसणारा पोरगा गोड बोलून तिला गवताच्या माळ्यावर नेतो आणि तिचा लाकडी पाय काढून घेऊन पळून जातो. या पायाविषयी लेखिकेने पुढे सांगितले की, तो आधी लाकडी पायच आहे. कथेला त्याची गरज आहे म्हणून तो तिथे आहे. कथा पुढे सरकते तसतसा त्याच्यावर अर्थ चढत जातो, आणि पाय चोरीला जातो तेव्हा त्या मुलीच्या अंतरंगातले काहीतरी चोरीला गेले हे वाचकाला कुणी न सांगता कळते. माउली, क्रम पाहा. आधी पाय. त्या पायावर वाढलेला अर्थ मागून. मी क्रम उलटा केला होता. अर्थ आधी देऊन टाकला, आणि मग पाय पाहण्याची कुणाला गरजच उरली नाही.

आपल्या संतांनी हा क्रम किती काळजीने सांभाळला आहे! एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड तुम्ही पाहिले आहे. विंचू म्हणजे कामक्रोध, हे नाथांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. लपवलेले काही नाही. पण भारूड करणारा आधी काय करतो? बोंब मारतो, नाचतो, पाय झाडतो, घामाघूम होतो. समोर बसलेली पोरे खिदळतात, बायका पदर तोंडाला लावतात. विंचू खरोखर चावला पाहिजे. तो चावलाच नाही, तर कामक्रोधाच्या वेदना कुणाला कळणार? ज्ञानेश्वरीच्या आरंभी माउलींनी गणेशाचे रूपक केले आहे. वेद ही त्याची मूर्ती, अठरा पुराणे हे अलंकार, सहा दर्शने हे सहा हात. इथेही किल्ली माउलींनी स्वतःच हातात दिली आहे. आणि सगळे वाचून झाल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गणपतीच उभा राहतो. यादी उभी राहत नाही.

दुसरे उदाहरण पांडुरंगाच्या हातांचे. देवाने कमरेवर हात का ठेवले? जुना अर्थ असा की, माझ्या भक्तांना भवसागर एवढाच, कमरेइतकाच खोल आहे, हे देव दाखवतो आहे. आद्य शंकराचार्यांच्या नावाने चालत आलेल्या पांडुरंगाष्टकात हा भाव आहे. हाही अर्थच आहे, उघड न दिसणारा. पण तो ऐकल्यावर तुम्ही काय करता? पुन्हा त्या हातांकडे पाहता. चंद्रभागेत उतरून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला माणूस, काठावरच्या भित्र्या पोराला हाताने पाणी दाखवतो, तसा देव दिसू लागतो.

माझ्या मते परीक्षा हीच. सांगितलेला अर्थ तुम्हाला त्या वस्तूकडे परत पाठवतो, की तिच्यापासून दूर नेतो? परत पाठवत असेल तर तो लेखकाने योजला असो वा नसो, घ्यावा. दूर नेत असेल तर तो कितीही विद्वत्तेचा असो, बाजूला ठेवावा. अकिलीसची वर्तुळे दूर नेतात. कमरेवरचे हात परत आणतात. डोलकाठी पाहून क्रूस आठवला आणि त्यामुळे म्हाताऱ्याचा चढ आणखी अवघड वाटला, तर बरे झाले. क्रूस आठवला आणि म्हातारा विसरला, तर वाया गेले.

ही परीक्षा कुणी टीका म्हणून घेऊ नये, पण आपल्या व्यासपीठांवरही कधी कधी अशी निरूपणे ऐकू येतात. एकेका अक्षराची फोड, प्रत्येक वस्तूला तत्त्वाचे नाव, आणि तासाभराने अभंग कुठे राहिला तो सापडत नाही. श्रोते माना डोलावतात. घरी जाताना मात्र संताने काय म्हटले त्यापेक्षा महाराजांनी काय काढले, हेच लक्षात राहते. मी फळ्यापुढे हेच करत होतो, म्हणून मला ते ओळखू येते.

ओकॉनरबाई कॅथलिक, श्रद्धा पक्की. एकदा न्यूयॉर्कमध्ये एका जेवणाच्या वेळी एक नामांकित लेखिका चर्चमधल्या प्रसादाच्या भाकरीबद्दल म्हणाली की, प्रतीक म्हणून ती चांगली आहे. ओकॉनरबाई उसळून म्हणाल्या की, ती नुसती प्रतीक असेल तर मला तिच्याशी काही कर्तव्य नाही. त्यांचा धर्म वेगळा, वाट वेगळी. पण हे बोलणे वारकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. दर्शनबारीत तासन् तास उभे राहून पायावर डोके टेकवायचा क्षण येतो, तेव्हा आपण कुठल्या प्रतीकावर डोके टेकवत नसतो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वारीत मी दिवे घाट चढत होतो. ऊन होते. पुढे एक मावशी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालल्या होत्या. माझ्यातला मास्तर अजून गेला नव्हता. चढ जरा सोपा झाला तेव्हा मी त्यांना गाठून विचारले, ''माउली, ही तुळस डोक्यावर घेता, तर तुमच्या मनात तिचा अर्थ काय असतो?''

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले. ''माउली, बाटलीत पाणी हाय का? हिला जरा घाला की. सकाळधरनं ऊन लागतंय तिला.''

त्या थांबल्या, थोड्या वाकल्या. मी पाणी घातले. माती कोरडी झाली होती, पाणी घालताच ती वास सोडू लागली. त्या 'रामकृष्ण हरी' म्हणाल्या आणि चालू लागल्या. माझा प्रश्न त्यांनी टाळला असे मला वाटत नाही. तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नसावा. तुळस तहानली होती, तिथे दुसरे काही त्यांच्या मनात नव्हते. त्या चढावर मला तो उजनीकडचा मुलगा आठवला. दोराखाली गोणपाट घातलेले पाहून ज्याला बरे वाटले, तो मुलगा.

घरी आल्यावर मी कादंबरी पुन्हा काढली आणि शेवट वाचला. सकाळी ते पोर झोपडीत येते. म्हातारा झोपलेला आहे. पोराला त्याचे हात दिसतात आणि ते रडू लागते. मग ते कॉफी आणायला जाते, आणि वाटेभर रडतच राहते. हेमिंग्वे यांनी वाचकाला कसे वाचावे ते तिथेच दाखवून ठेवले होते. इतकी वर्षे मी ते पान शिकवले, आणि त्या पानावर फळ्यावर लिहिले होते : 'पोर म्हणजे आशा.'

माउली, तुमच्या घरी शिकणारी नातवंडे असतील. त्यांना इंग्रजीच्या किंवा मराठीच्या पुस्तकातला धडा वाचताना ऐका. कशाचे प्रतीक ते विचारायच्या आधी विचारा की, तुला काय दिसले? कुणाची दया आली? तुझ्या ओळखीचे त्यात काही आहे का? आणि पोर काही सांगू लागले तर त्याला मध्ये अडवू नका. गुणांसाठी उजवी बाजू पाठ करावी लागेल, ती करू द्या. पण डावी बाजू आधी पाहू द्या.

आणि उजनीच्या पाण्यावर आज कुठे त्या मुलाची होडी असेल, तर त्याला माझा दंडवत. त्याने बरोबर वाचले होते.

रामकृष्ण हरी.